कच्चे मडके : नामदेवकथेतील अवहेलना आणि तिचे साक्षी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी आणि औंढा ही दोन स्थळे नामदेवचरित्राशी निगडित आहेत. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथे त्यांना गुरूची भेट झाली, असे परंपरा सांगते. (जुन्या लेखनात येणारे नरसी बामणी हे गाव म्हणजे हेच नरसी की कऱ्हाडच्या बाजूचे दुसरे, हा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालला, त्यात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.) हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याआधीची येथील सर्व संशोधने परभणीच्या, आणि १९५६ पूर्वीची हैदराबाद संस्थानाच्या वा राज्याच्या नावाखाली नोंदलेली आढळतात. या दोन गावांच्या मधल्या मुलखात जी नामदेवकथा रूढ आहे, तिच्यात नामदेवांची अवहेलना दोनदा होते. एकदा औंढ्याच्या देवळात त्यांना हात धरून उठविले जाते. दुसऱ्यांदा सोबतीच्या संतमंडळीतच, सर्वांच्या देखत, त्यांना ‘कच्चे मडके’ ठरविले जाते. पहिल्या प्रसंगाचा परंपरेने निषेध केला आहे. दुसऱ्याचे तिने कौतुक केले आहे. एकाच पुरुषाच्या बाबतीत घडलेल्या दोन अवहेलनांचा असा वेगवेगळा निवाडा का व्हावा, हा प्रश्न प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाणारा आहे.

आज शिक्षणशास्त्रात व मानसशास्त्रात ज्याला ‘बुलिंग’ म्हटले जाते, त्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचा आहे. स्वीडनमध्ये पीटर-पॉल हाइनेमान या वैद्याने १९६९ साली या विषयावर प्रथम लिहिले. त्याच्या घरी वाढणाऱ्या सावळ्या वर्णाच्या दत्तक मुलाला इतर मुलांनी घोळक्याने गाठून त्रास दिला, हा त्या लेखनामागचा प्रसंग होता. लेखाला त्याने दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचेच नाव दिले होते, आणि या वर्तनासाठी झुंडीचा अर्थ असलेला ‘मोबिंग’ या जातीचा शब्द योजला होता. त्यानंतर डान ओल्वेउस याने १९७३ साली स्वीडिश भाषेत व १९७८ साली इंग्रजीत आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याचे लक्ष झुंडीपेक्षा त्रास देणाऱ्या व सोसणाऱ्या व्यक्तींवर अधिक होते. इजा करण्याचा हेतू, वर्तनाची पुनरावृत्ती, आणि दोन पक्षांच्या बळातील विषमता ही त्याने सांगितलेली तीन लक्षणे पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. १९८३ साली नॉर्वेमध्ये जी देशव्यापी मोहीम निघाली, तिला त्याचेच संशोधन आधारभूत होते. व्याख्या काटेकोर झाली, हा लाभ खराच. तथापि हाइनेमानच्या पहिल्या निरीक्षणातील घोळका आणि वर्ण ह्या दोन गोष्टी या काटेकोरपणात काहीशा मागे पडल्या, हेही नमूद केले पाहिजे. मराठी साधने वाचताना त्या पुन्हा पुढे आणाव्या लागतात.

मराठीत या वर्तनाला एक शब्द नाही. अनेक आहेत, आणि त्यांची वाटणी विचार करण्याजोगी आहे. ‘चेष्टा’ हा संस्कृतात हालचाल, प्रयत्न या अर्थाचा शब्द मराठीत थट्टेच्या अर्थाला उतरला. ‘टिंगल’, ‘टवाळी’, ‘खोडी’ हे सर्व शब्द करणाऱ्याच्या बाजूचे आहेत. त्यांत करणाऱ्याची गंमत ऐकू येते, सोसणाऱ्याचे काही नाही. ‘छळ’ आणि ‘जाच’ हे सोसणाऱ्याच्या बाजूचे. यांपैकी ‘छळ’ मुळात कपट या अर्थाचा. मराठीत त्यातील कपट गळून यातना तेवढी राहिली. एकाच घटनेला करणारा ‘चेष्टा’ म्हणतो व सोसणारा ‘छळ’ म्हणतो, आणि दोघेही भाषेच्या दृष्टीने शुद्ध बोलत असतात. दोघांच्या मधोमध उभे राहून त्या घटनेला नाव देणारा शब्द मात्र भाषेने घडविलेला नाही.

‘हिणवणे’ या क्रियापदाची घडण विशेष बोलकी आहे. ‘हीन’ या विशेषणापासून हे क्रियापद झाले. एखाद्याला हीन म्हणणे हीच येथे क्रिया आहे. म्हणजे शब्द हेच कृत्य. ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचारातही नामकरण आणि निंदा एकत्र आली आहेत. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द व्यक्तीच्या नव्हे तर गावाच्या किंवा जातीच्या वर्तनाचा आहे. एकटा मनुष्य कोणाला वाळीत टाकू शकत नाही. ‘सासुरवास’ या शब्दाने तर मर्यादाच ओलांडली. त्याचा अक्षरार्थ सासरी राहणे एवढाच; परंतु सासरी राहणे म्हणजे जाच सोसणे, हे समीकरण इतके सर्वमान्य होते की राहणे या शब्दालाच जाचाचा अर्थ चिकटला. ज्या छळाला समाज रीत मानतो, त्याला वेगळे नाव देण्याची गरज भाषेला भासत नाही.

आणखी एका शब्दाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीतील ‘बुली’ हा शब्द सोळाव्या शतकात जिवलग, प्रियजन या अर्थाचा होता. डच भाषेतील प्रियकर किंवा भाऊ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि शेक्सपिअरच्या नाटकात तो लाडाचे संबोधन म्हणून आला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो दुर्बलांना छळणाऱ्या दांडगटाचा वाचक झाला. मराठीत ‘दादा’ म्हणजे वडील भाऊ. त्याला फारसी ‘गिरी’ जोडून ‘दादागिरी’ झाली. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भाषांनी जवळिकीचा शब्द घेऊन त्याच वाटेने तो धाकाकडे न्यावा, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. छळणारा बहुधा परका नसतो.

आता औंढ्याच्या प्रसंगाकडे वळावे. मराठीत ही कथा महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) सर्वतोमुखी झाली. नामदेव नागनाथासमोर कीर्तन करीत असता देवळातील ब्राह्मणांनी त्यांना तेथून उठविले. ते देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. औंढ्याच्या देवळात नंदी पाठीमागच्या बाजूस आहे. देऊळ फिरले आणि नंदी जागच्या जागी राहिला, असे त्याचे स्पष्टीकरण लोक आजही देतात. वास्तुशास्त्राने या स्पष्टीकरणाचे काय करावयाचे ते करावे. एवढे खरे की एका अपमानाची खूण म्हणून दगडाकडे बोट दाखविले जाते, आणि ती खूण अपमान करणाऱ्यांच्या विरुद्ध साक्ष देते.

या कथेचा महिपतीहून जुना लिखित आधार महाराष्ट्राबाहेर सापडतो. १६०४ साली गुरू अर्जुन यांनी संकलित केलेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांपैकी भैरव रागातील एका पदात हाच प्रसंग आला आहे. त्यात औंढ्याचे नाव नाही, समुदायही नाही. हसत खेळत देवळात आलेला एक भक्त, भक्ती करीत असतानाच त्याला धरून उठविणे, जातीच्या हीनत्वाचा उल्लेख, शिंप्याच्या जन्माविषयीचा देवाला विचारलेला प्रश्न, घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसणे, आणि शेवटी देऊळ भक्ताकडे फिरणे, असा त्या पदाचा विस्तार आहे. मलार रागातील दुसऱ्या एका पदात शूद्र, शूद्र असे म्हणत मारून उठविल्याची तक्रार आहे. ही पदे मूळ नामदेवांची कितपत, हा भाषिक प्रश्न निराळा. परंतु महिपतीची कथा चमत्काराने भारलेली आहे, तर या पदात चमत्कारापूर्वीची घडी अधिक स्पष्ट राहिली आहे. हसत येणे आणि घोंगडी उचलून जाणे, या दोन हालचालींच्या मधले अंतर हाच अवहेलनेचा परिणाम होय. आणि तो सांगण्यासाठी पदकर्त्याला रडण्याचा उल्लेख करावा लागला नाही.

ओल्वेउसच्या व्याख्येत हा प्रसंग बसतो काय? हेतू आहे, बळाची विषमता तर आहेच. पुनरावृत्तीचा प्रश्न येतो. नामदेवांना औंढ्यास एकदाच उठविले गेले. परंतु येथे पुनरावृत्ती उठविणाऱ्या व्यक्तीच्या वर्तनात शोधणे चुकीचे ठरेल. ती देवळाच्या नियमात आहे. उठविणारा बदलला असता तरी उठविणे चुकले नसते. याचे आधुनिक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींत मिळते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळ स्वतः उघडता येत नसे, आणि शिपाई नसला तर पाणीच मिळत नसे. या व्यवस्थेत दांडगट असा कोणी मुलगा नाही. मारणारा नाही, हसणाराही असलाच पाहिजे असे नाही. तरीही एका बालकाला दररोज त्याच्या हीनत्वाची आठवण करून दिली जात होती. व्याख्येतील ‘पुनरावृत्ती’ हा शब्द व्यक्तीपुरता ठेवला तर असा रोजचा छळ तिच्या बाहेर राहतो आणि शाळेच्या अंगणातील दोन मुलांची मारामारी आत येते. हे उफराटे आहे. हाइनेमानने आपल्या पहिल्या लेखाला वर्णभेदाचे नाव का दिले असावे, ते अशा वेळी कळते.

आळंदीची भावंडे हा या कथेचा दुसरा धागा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांचा वाळीतपणा सर्वश्रुत आहे. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या पित्याची मुले म्हणून त्यांना ब्रह्मवृंदाने बाहेर ठेवले, आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेऊनही ते उठले नाही. पैठणच्या पंडितांनी शके १२०९ (इ. स. १२८७) मध्ये दिलेले म्हणून जे शुद्धिपत्र दाखविले जाते, त्याच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, पण असे पत्र मुलांना मिळाले पाहिजे होते, असे परंपरेला वाटले, हेही एक ऐतिहासिक सत्यच आहे. रेड्याच्या कथेत वेद बोलण्याचा चमत्कार इतका मोठा झाला आहे की तिची सुरुवात बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. ती सुरुवात नावावरून केलेल्या टवाळीची आहे : ज्ञानदेव असे नाव असून काय उपयोग, तो पखाल वाहणारा रेडाही ‘ज्ञाना’च. मुलाच्या नावाची विटंबना करणे हा जगातील शाळांत सर्वत्र आढळणारा पहिला प्रकार आहे. पैठणला तो प्रौढ, विद्वान माणसांनी बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत केला.

मांड्यांची कथा याच मालिकेतील. मुक्ताबाईला मांडे भाजायचे होते आणि त्यासाठी कुंभाराकडून खापर आणायचे होते. गावात वजन असलेला विसोबा हा या मुलांचा द्वेष करी. त्याने कुंभारांना खापर देऊ नये म्हणून बजावले. ती रिकाम्या हाताने परतली. पुढे ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपल्या पाठीवर मांडे भाजू दिले, वगैरे भाग प्रसिद्ध आहे. येथे लक्ष कुंभारांकडे दिले पाहिजे. त्यांचे मुलीशी वैर नव्हते. विसोबाशी त्यांची मैत्री होती असेही कथा म्हणत नाही. खापर त्यांच्यापाशी होते, ते त्यांनी दिले नाही, इतकेच. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवल्ली व तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे वर्ग अभ्यासून असे दाखविले की छळात फक्त दोन पक्ष नसतात. करणाऱ्याला हात देणारे, हसून उत्तेजन देणारे, बाजूला राहणारे आणि सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे, असे त्याचे घटक असतात. आळंदीचे कुंभार यांपैकी कोणत्या वर्गात बसतात? बाजूला राहणाऱ्यांत, असे प्रथम वाटेल. परंतु खापर नाकारणे ही कृती आहे. वाळीत टाकणे हे अशाच लहान नकारांनी पार पडते. पाणी न भरू देणे, विस्तव न देणे, दुकानातून माल न देणे, यापलीकडे वाळीतपणाला वेगळे शस्त्र लागत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला, तेव्हा अशा नकारांची यादीच त्यात करावी लागली.

या अवहेलनांचा परिणाम ज्ञानदेवांवर काय झाला, याचे उत्तर ‘ताटीचे अभंग’ म्हणून मुक्ताबाईच्या नावावर असलेल्या प्रकरणात आहे. लोकांच्या वागण्याने विटून त्यांनी झोपडीचे दार लावून घेतले, आणि धाकट्या बहिणीने बाहेर बसून ते उघडण्याची विनवणी केली, असा त्या अभंगांचा प्रसंग आहे. दार लावून घेणे हे आज कोणत्याही शिक्षकाला ओळखता येईल असे चिन्ह आहे. दाराबाहेर बसणारी मुलगी स्वतः त्याच छळाची धनी होती, हे मात्र विसरता कामा नये.

ह्याच मुक्ताबाईच्या पुढाकाराने नामदेवांची दुसरी अवहेलना झाली.

प्रसंग तेरच्या गोरोबाकाकांच्या संगतीतला. स्थळाविषयी पाठांत भेद आहेत. आशयात फारसा नाही. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबांच्या थापटण्याकडे पाहून ते कशासाठी, असे विचारले. मडके भाजले की कच्चे राहिले, हे त्याने ठोकून कळते, असे उत्तर मिळाले. मग येथे बसलेली मडकीही पाहा, असे तिने म्हटले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. इतर सर्व निमूट बसले. नामदेवांना ते सहन झाले नाही, त्यांनी तक्रार केली. तेव्हा हे मडके कच्चे, असा निर्णय झाला. रूढ कालगणनेप्रमाणे पाहता नामदेवांचा जन्म १२७० चा, मुक्ताबाईचा १२७९ चा. ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची. म्हणजे त्या वेळी मुक्ताबाई फार तर सतरा वर्षांची, कदाचित बारा-तेराचीच असावी, आणि नामदेव वीस ते सव्वीस वर्षांचे. नामदेवांच्या गाथेत या प्रसंगाचे अभंग आहेत. त्यांतील मूळ नामदेवांचे कोणते आणि पुढच्या काळातील विष्णुदास नाम्याचे कोणते, हा निर्णय अवघड आहे. ‘कच्चे मडके’ हा शब्दप्रयोग मात्र भाषेत कायमचा रुजला. कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोत्यांत हशा पिकतो.

कथेचा पारमार्थिक अर्थ नाकारण्याचे कारण नाही. सगुणाच्या सलगीतून आलेला अहंकार गुरूवाचून जात नाही, हे तिला सांगावयाचे आहे. नाथपंथीय ज्ञानपरंपरा आणि पंढरीची भक्तिपरंपरा यांच्या मिलनाची ती रूपककथा आहे, असेही म्हणता येईल. परंतु रूपकाला जे साधन निवडले गेले त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. कुंभार थापटण्याने मडक्याचा नाद ऐकतो. भाजलेले मडके खणखणीत वाजते, कच्चे बद्द वाजते. वाजणे हा पक्केपणाचा पुरावा. माणसांच्या कसोटीत हा नियम उलटा झाला : जो वाजला तो कच्चा, जो गप्प राहिला तो पक्का. मार सर्वांना सारखाच होता. मोजला गेला तो आवाज.

गप्प राहणारे कोण होते, हेही पाहावे. त्यांत आळंदीची भावंडे होती. त्यांना गप्प राहण्याचे शिक्षण लहानपणीच, खापर नाकारणाऱ्या गावाने दिले होते. नामदेव दामाशेटी-गोणाईच्या प्रेमळ घरात वाढलेले. नैवेद्य खात नाही म्हणून देवाशी भांडणारे मूल, अशी त्यांची बालप्रतिमा परंपरेने रंगविली आहे. दुखले की बोलावे आणि बोलले की कोणीतरी ऐकते, हा त्यांचा अनुभव. त्या अनुभवालाच मंडळीने कच्चेपणा ठरविले. सोसलेल्यांनी आपल्या सोसण्याची पात्रता करावी आणि नव्याने येणाऱ्याला तिच्यावरून तोलावे, ही गोष्ट संतमंडळीपुरती नाही. छळ एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातो तो बहुधा द्वेषातून जात नाही. आम्हीही सोसले, या अभिमानातून जातो.

तक्रार घेऊन नामदेव पंढरीस गेले, तेव्हा विठ्ठलाने काय केले? त्यानेही मंडळीचा निर्णय उचलून धरला आणि गुरू करण्यास सांगितले. भक्तीच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु शाळेत तक्रार घेऊन गेलेल्या मुलाला ‘तूच थोडा खंबीर हो’ असे उत्तर मिळते, त्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. औंढ्यास देव फिरून भक्ताकडे आला होता. येथे तो जागचा हलला नाही. दोन प्रसंगांच्या निवाड्यातील फरक याच जागी आहे. पहिल्यात छळणारे परके, वरचढ जातीचे आणि भक्तिपंथाबाहेरचे, दुसऱ्यात आपलेच. दुसऱ्याचा शेवट चांगला झाला, नामदेवांना गुरू मिळाला, म्हणून मार योग्य ठरला. परिणामावरून कृतीचे समर्थन करण्याची ही रीत कथाकारांना सोयीची असते, कारण कथा नेहमी टिकून राहिलेल्याचीच सांगितली जाते. जे मंडळी सोडून निघून गेले आणि कोठेच पोचले नाहीत, त्यांची आख्याने रचली जात नाहीत.

महाविद्यालये व वसतिगृहे यांतील ‘रॅगिंग’चे समर्थन याच युक्तिवादाने होत आले. नवख्याचा भिडस्तपणा जातो, ओळखी होतात, मन घट्ट होते, असे ते सांगितले जाई. हिंगोली जिल्हा झाला त्याच १९९९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला; विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ साली आले. शाळांपुरते, त्याच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध केला. या सर्व कायद्यांनी एक गोष्ट निश्चित केली : छेडणे, हिणवणे हे हेतू थट्टेचा होता म्हणून क्षम्य होत नाही. वर पाहिलेल्या ‘चेष्टा’ आणि ‘छळ’ या दोन शब्दांपैकी कायद्याने दुसऱ्याची बाजू घेतली. भाषेने ती अद्याप पुरती घेतलेली नाही. वसतिगृहात आजही तक्रार करणाऱ्याची संभावना कच्चा म्हणूनच होते.

नामदेवांनी या दोन अवहेलनांचे पुढे काय केले, हे त्यांच्या नावावरील रचना आणि परंपरा यांवरून थोडे सांगता येते. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही ज्ञानदेवांच्या चरित्राची अभंगप्रकरणे त्यांची मानली जातात. आळंदीच्या मुलांचा वाळीतपणा, त्यांच्या आईबापांचे जाणे, पैठणचा प्रवास हे सर्व त्यांतील ‘आदि’ प्रकरणात आले आहे. म्हणजे ज्या मंडळीने त्यांना कच्चे ठरविले, तिच्यातील मुलांच्या दुःखाची साक्ष त्यांनीच दिली. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता दरड कोसळून चोखामेळा दगावला (१३३८), तेव्हा त्याच्या अस्थी शोधून आणून पंढरपूरच्या महाद्वारासमोर पुरणारे नामदेवच, असे परंपरा सांगते. आणि त्याच द्वाराच्या पायरीखाली त्यांनी स्वतः समाधी घेतली. चोखोबाला जिवंतपणी त्या द्वाराच्या आत प्रवेश नव्हता. त्याच्या जातभाईंना तो मिळण्यास साने गुरुजींचे १९४७ च्या मे महिन्यातील उपोषण व्हावे लागले.

राहता राहिला विसोबा. आळंदीत मुलांना छळणारा, कुंभारांना खापर देऊ नका म्हणून सांगणारा हाच मनुष्य पुढे पश्चात्तापाने त्या मुलांना शरण गेला, आणि मंडळीने कच्चे ठरविलेल्या नामदेवांना विठ्ठलाने ज्या गुरूकडे पाठविले तो हाच. भेट औंढ्यास नागनाथाच्या देवळात झाली, ज्या देवळातून नामदेवांना उठविले गेल्याचे सांगतात तेथेच. पिंडीवर पाय ठेवून पडलेला म्हातारा, आणि ‘देव नाही ती जागा दाखव, तेथे पाय ठेव’ हे त्याचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. छळणाऱ्याच्या हातून छळलेल्याला ज्ञान मिळाले असा याचा सोपा अर्थ काढता येणार नाही, कारण विसोबाने नामदेवांना कधीच छळले नव्हते. त्याने छळले होते ते नामदेवांना कच्चे म्हणणाऱ्या मुलीला. तिची आणि त्याची पुन्हा भेट झाल्यावर खापराचा विषय निघाला की नाही, याविषयी कथा मौन पाळते.

त्याचे नाव मात्र विचार करण्याजोगे आहे. ‘खेचर’ या शब्दाचा संस्कृत अर्थ आकाशात संचार करणारा. योगमार्गात तो मानाचा आहे. मराठीत खेचर म्हणजे घोडी व गाढव यांच्या संकरातून झालेले ओझ्याचे जनावर. शरण आलेला विसोबा मुलांचे उष्टे खाण्यास पुढे झाला, तेव्हा ज्ञानदेवांनी त्याला दूर सारताना तुच्छतेने योजलेला शब्द तोच त्याचे नाव झाला, अशी एक व्युत्पत्तिकथा रूढ आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पहिलाच अर्थ अधिक संभवनीय. लोकांना दुसरा आवडला. पैठणला ज्याच्या नावाची रेड्याशी सांगड घातली गेली, त्या मुलाच्या तोंडी त्यांनी दुसऱ्याला जनावराचे नाव देणारा शब्द घातला, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटले नाही. नामदेवांच्या अभंगांत हे नाव गुरूचे म्हणून येते, आणि तेथे त्याचा उच्चार आदरानेच झाला आहे.